ढगाला विरजण

वरणगावहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

मागे एकदा जुलै महिन्यात आम्ही पाऊस पाडायला गेलो होतो. हसू नका, खरंच गेलो होतो. मृगात दोन सरी बऱ्या झाल्या, कपाशी उगवून आली, आणि मग पावसानं जी पाठ फिरवली ती तीन आठवडे. रोज दुपारी ढग यायचे, सातपुड्याकडे निघून जायचे. वीतभर रोपं माना टाकायला लागली. गटाच्या बैठकीत दुबार पेरणीच्या कर्जाचे अर्ज आले सात, आणि शिल्लक पुरणार होती तिघींना. अशा वेळी माणसाला काहीही पटतं. एकीच्या माहेरी कुणीतरी सांगितलं होतं, की माळावर लाकडांची मोठी भट्टी पेटवायची, तिच्यात मीठ टाकत राहायचं, मिठाचा धूर वर जातो आणि ढगाला पाझर फुटतो. ठरलं. गटाच्या पैशांतून मिठाची पोती आणली, लाकडं घेतली, कुणी दोन जुने टायर आणून टाकले. संध्याकाळी आम्ही मुठीमुठीनं मीठ टाकत उभ्या. डोळे चुरचुरले, लेकरं खोकायला लागली, लुगड्यांना चार दिवस टायरचा वास.

पाऊस आला पाचव्या दिवशी. चांगला आला. आणि भांडण सुरू झालं. निम्म्या जणी म्हणाल्या, भट्टीनं आला. निम्म्या म्हणाल्या, रेडिओवर आधीच सांगितलं होतं. शेजारच्या गावात कुणी काडीही पेटवली नव्हती, तिथं तर आमच्याहून जास्त पडला. आमच्यातल्या एका आजींचं तिसरंच. त्यांच्या मते सरकारचं विमान येतं म्हणून पाऊस जातो. "इमान येतं न् ढगाले पयवून लावतं," असं त्या ठामपणे सांगतात. भांडण मिटेना, आणि वहीत तो खर्च कशाखाली लिहायचा हेही ठरेना. शेवटी 'किरकोळ' असं लिहिलं. पण किरकोळ लिहून मन भरलं नाही. गटाचे पैसे, म्हणजे घाम गाळून साठवलेले पैसे. मिठानं पाऊस पडतो की नाही, हे कुणी कधी नीट तपासलंय का, याचा आम्ही शोध घेत गेलो. तपासलंय. आणि आपल्या महाराष्ट्रात जेवढं तपासलंय तेवढं देशात क्वचितच कुठं. तीच गोष्ट आज सांगतो.

आधी ढग म्हणजे काय ते बघू. हवेत वाफ असते, पण नुसत्या वाफेचा थेंब होत नाही. तिला टेकायला काहीतरी लागतं. धुळीचा कण, धुराचा कण, समुद्राच्या लाटांवरून उडालेला मिठाचा बारीक कण, काहीही. पावसाळ्यात मिठाची बरणी कशी ओली होते, मीठ कसं पाझरतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. ढगात हेच होतं. प्रत्येक थेंबाच्या पोटात एक कण असतोच.

पण हे थेंब फार बारीक असतात, इतके की ते खाली पडतच नाहीत, तरंगत राहतात. पाऊस व्हायचा तर लाखो थेंबांचा मिळून एक थेंब व्हावा लागतो. तो दोन वाटांनी होतो. एक वाट अशी की काही थेंब थोडे मोठे असतात, ते खाली येताना वाटेत बाकीच्यांना गिळत येतात. दुसरी वाट बर्फाची, आणि ती ऐकून आम्ही चकित झालो.

आपल्याकडे पावसाळ्यात जमिनीपासून साधारण पाच किलोमीटर वर गेलं की तापमान शून्याखाली जातं. खाली भुसावळचं ऊन कितीही असो, उंच ढगाचा माथा बर्फापेक्षा थंड असतो. आता तुम्ही म्हणाल, शून्याखाली पाणी गोठणारच. तसं नाही! स्वच्छ पाण्याचा बारीक थेंब शून्याखाली जाऊनही पाणीच राहतो, पार उणे ३८ अंशांपर्यंत. ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांनी पाहिलं असेल, खूप गार झालेली बाटली बाहेर काढली तेव्हा पाणीच असतं, आणि हातात घेऊन जरा हलवली की डोळ्यांदेखत बर्फ धरतो. ते पाणी गोठायला तयार होतं, फक्त सुरुवात करून देणारं कुणी नव्हतं.

दूधही असंच असतं. कोमट करून ठेवलं म्हणून त्याचं दही होत नाही, चमचाभर विरजण लागतं. ढगातल्या थंडगार थेंबांनाही विरजण लागतं, आणि ते विरजण म्हणजे हवेतला एखादा खास कण. थेंब धरायला बरेच कण चालतात, पण बर्फ धरायला फार थोडे. कणाची घडण बर्फाशी जुळावी लागते. असा कण भेटला की पहिला बर्फाचा कण तयार होतो, आणि मग तो आजूबाजूच्या थेंबांची वाफ ओढून घेत वाढतो. थेंब आटत जातात, बर्फ फुगत जातो, जड होतो, पडायला लागतो. खाली येता येता वितळला की पाऊस. म्हणजे ऐन पावसाळ्यात आपल्या अंगावर पडणारी मोठी सर कितीदा तरी वर बर्फच असते.

हे कुणाच्या ध्यानात आलं? आल्फ्रेड वेगेनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १९११ मध्ये लिहून ठेवलं होतं, की थंड ढगात बर्फ आणि पाणी शेजारी असले तर बर्फ पाण्याला संपवतो. पुढं १९२२ मध्ये टोर बर्गेरॉन हे स्वीडनचे हवामानतज्ज्ञ नॉर्वेत ओस्लोजवळच्या डोंगरात राहत होते. जंगलातल्या वाटेनं फिरताना त्यांनी पाहिलं, की शून्याखाली थंडी पडली की झाडांवर दहिवर गोठतं आणि त्या वाटेवरचं धुकं नाहीसं होतं. थंडी कमी असली की धुकं तसंच राहतं. झाडांवरचा बर्फ धुक्याचं पाणी ओढून घेतोय, हे त्यांनी ओळखलं, आणि धुक्यात होतं तेच ढगात होत असणार हा विचार पुढं मांडला. नुसतं फिरायला जाऊन नीट बघणं, एवढंच.

आता दुसरा माणूस. हा आम्हाला फार आवडला. व्हिन्सेंट शेफर, अमेरिकेचा. घरची ओढाताण म्हणून शाळा अर्धवट सोडली, जनरल इलेक्ट्रिक कंपनीत यंत्रं घडवणारा कारागीर म्हणून लागला, आणि तिथल्या प्रयोगशाळेत नोबेल मिळवलेल्या अर्व्हिंग लँगम्युअर यांचा मदतनीस झाला. पदवी नाही. जुलै १९४६ मध्ये तो एका शीतपेटीत तोंडानं वाफ सोडून छोटासा ढग करत होता आणि त्यात निरनिराळ्या भुकट्या टाकून बर्फ धरतो का ते बघत होता. काही केल्या धरत नव्हता. एक दिवस उकाडा फार, पेटी पुरेशी गार होईना, म्हणून त्यानं तिच्यात कोरड्या बर्फाचा तुकडा टाकला. कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, लग्नात मंडपात धूर सोडायला वापरतात तो. टाकताक्षणी पेटीतला ढग बर्फाच्या लाखो चकचकीत कणांनी भरून गेला. १३ नोव्हेंबर १९४६ ला त्यानं विमानातून खऱ्या ढगात कोरडा बर्फ टाकला, आणि ढगाखाली हिम पडताना दिसलं.

त्याच महिन्यात त्याचा सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यानं पुस्तकं चाळून असा पदार्थ शोधला, ज्याची घडण बर्फाशी जवळजवळ जुळते. तो निघाला सिल्व्हर आयोडाइड. म्हणजे आपल्या जोडव्यांतली चांदी आणि मिठात घालतात ते आयोडीन, दोन्ही मिळून झालेला क्षार. तो जाळून धूर केला की चिमूटभरातून कोट्यवधी कण होतात, आणि उणे पाच-सहा अंशांनाच ते पाण्याला बर्फ धरायला लावतात. तेव्हापासून आजपर्यंत जगभर ढगाला चांदीचं विरजण लावलं जातंय.

आणि भांडणंही तेव्हापासूनचीच, आमच्या गटासारखी. ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकेत समुद्रावरच्या एका चक्रीवादळात सुमारे ८० किलो कोरडा बर्फ टाकला. वादळ समुद्राकडं निघालं होतं, ते वळलं आणि जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर आदळलं. लोक म्हणाले, तुम्ही वळवलंत, भरपाई द्या. नंतरच्या तपासात दिसलं की वादळ बर्फ टाकायच्या आधीच वळायला लागलं होतं. व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकेनं १९६७ ते १९७२ शत्रूच्या वाटा चिखलात बुडवायला चोरून ढगांवर फवारणी केली. ते उघडं पडल्यावर हवामान लढाईसाठी वापरायचं नाही असा करार १९७७ मध्ये झाला. भारतही त्यात आहे. तर 'आमचा ढग कुणी पळवला' हे नुसतं आजींचं बोलणं नाही, त्यावर जगात करार झालेत.

आता आपल्याकडं येऊ. पश्चिम घाटात टाटांची विजेची धरणं आहेत. त्याच घाटात १९५१ मध्ये टाटांच्या कंपनीनं जमिनीवरून सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडून पाहिला होता. आमच्या टायरच्या भट्टीचा हा थोरला भाऊच म्हणा. पुढच्याच वर्षी हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक डॉ. एस. के. बॅनर्जी यांनी फुग्यांना बांधून मीठ आणि सिल्व्हर आयोडाइड वर पाठवलं. मग दिल्ली, आग्रा, जयपूर या भागांत जमिनीवरून मिठाचे प्रयोग झाले. पुण्यात १९६२ मध्ये हवामानाच्या संशोधनाची संस्था सुरू झाली, तिचं आजचं नाव भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. आपल्या गोष्टीतलं मुख्य काम हिनं केलं.

बहात्तरचा दुष्काळ आपल्यातल्या म्हाताऱ्या बाया अजून सांगतात. खडी फोडायला गेलेल्या बाया, कामावर मिळणारी सुकडी, तांबडी मिलो. त्या दुष्काळाच्या लगोलग, १९७३ च्या पावसाळ्यात, पुण्याच्या या संस्थेनं बारामती भागात विमानानं ढगांवर फवारणी सुरू केली. खाली बाया डोक्यावर पाट्या वाहतायत आणि वर विमान मीठ सांडतंय. आमच्या मनात हे चित्र बसलंय.

हो, मीठच! चांदी नाही. त्या भागातले बरेच ढग शून्य अंशाच्या उंचीपर्यंत पोचतच नव्हते. दूधच तापलेलं नाही तर विरजण काय करणार? म्हणून त्यांनी पहिली वाट धरली, थेंबांनी थेंब गिळायची. मीठ अगदी बारीक दळायचं, त्यात दहाला एक या मापानं सोपस्टोनची भुकटी घालायची. टाल्कम पावडर ज्या मऊ दगडाची होते तोच हा दगड, मीठ गोळा होऊ नये म्हणून. मग विमान ढगात शिरून ते मीठ सांडणार. मिठाच्या कणाभोवती मोठा थेंब धरतो, आणि मोठा थेंब लहानांना गोळा करत खाली येतो.

आता ऐका, आमच्या भांडणाचं उत्तर इथं आहे. फवारलं आणि पाऊस आला, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही, कारण न फवारताही आला असता. मग काय करायचं? त्यांनी त्या मुलुखाचे दोन भाग पाडले आणि मध्ये मोकळा पट्टा ठेवला. आज कुठल्या भागावर फवारायचं, ते भिशीची चिठ्ठी काढावी तसं नशिबावर सोडलं. कुणी आपल्या मनानं 'आज इकडं ढग बरे दिसतायत' म्हणून ठरवायचं नाही. आणि पाऊस मोजायचा दोन्ही भागांतला, फवारलेल्या आणि न फवारलेल्याही. हे एक-दोन पावसाळे नाही, १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे, मिळून १६० दिवस.

निघालं काय? फवारलेल्या बाजूला सरासरी २४ टक्के पाऊस जास्त. हा आकडा निव्वळ योगायोगानं यायची शक्यता शंभरात चार, असं त्यांनी हिशेब करून सांगितलं. पण या आकड्याच्या जोडीला एक अट आहे आणि ती लोक सांगताना विसरतात. वाढ दिसली ती जाड ढगांत, निदान किलोमीटरभर जाडीच्या आणि पाण्यानं भरलेल्या ढगांत. पातळ, कोरड्या ढगांवर मीठ टाकलं तर ते ढग विरून जाण्याकडं कल दिसला.

हे आम्ही बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा आजी काही बोलल्या नाहीत. नुसता पदर सारखा केला आणि सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. आमच्या गावावरून कुठलं विमान कधी गेलं आणि त्यानं काही सांडलं की नाही, हे वेगळं. पण विमानानं ढग विरू शकतो ही गोष्ट अगदीच वेडी नव्हती, हे कबूल करावं लागलं. आम्हाला यातून एक वाटलं, की म्हाताऱ्या माणसाचं बोलणं हसून उडवण्याआधी ते मोजून बघायची काही सोय आहे का, हे तरी विचारावं.

यानंतरची गोष्ट मात्र बरीचशी घाईची आहे. २००३ साली दुष्काळ पडला तेव्हा राज्य सरकारनं अमेरिकेतल्या एका कंपनीला बोलावून विमानांनी फवारणी करवली, पुढच्या वर्षीही केली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मराठवाड्यासाठी औरंगाबादेहून विमान उडालं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तिथूनच. दरवेळी वर्तमानपत्रांत विमानाचा फोटो. दरवेळी दुसऱ्या दिवशी बातमी, अमुक तालुक्यात पाऊस झाला. पण तो विमानाचा की देवाचा? चिठ्ठी न काढता, न फवारलेली बाजू न मोजता ते कळायची सोयच नसते. दुष्काळात सरकारनं काहीतरी करावं असं आपल्यालाच वाटतं, म्हणून ते करतात. आम्ही मीठ जाळलं तेही त्याच पोटतिडकीनं. शिवाय फवारणीची मागणी होते ती आभाळ कोरडं असताना, आणि फवारणी चालते ती आभाळ भरलेलं असताना. घरात दूध नाही त्या दिवशी विरजण कितीही आणा, दही लागत नाही.

नीट मोजायचं काम पुण्याच्या संस्थेनं २००९ पासून पुन्हा हातात घेतलं. विमानं घेऊन ते देशभरच्या ढगांत शिरले आणि ढगात कुठले कण, किती थेंब, केवढे थेंब हे मोजत गेले. २०१२ मध्ये महाबळेश्वरला डोंगरावर ढगांचीच एक प्रयोगशाळा उभी केली. तिथं पावसाळ्यात ढग दारातूनच जातात, वेगळं वर जायला नको. मग २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर. सह्याद्रीच्या आडोशाला, पावसाच्या सावलीत पडलेला जिल्हा. दोन विमानं, रडार, जागोजाग पर्जन्यमापक, निवडलेले २७६ ढग, आणि कुठल्यावर फवारायचं ते पुन्हा चिठ्ठीवर. या वेळी कॅल्शियम क्लोराइड हा पाणी ओढणारा क्षार विमानाच्या पंखाला लावलेल्या कांड्यांतून जाळला. निकाल २०२३ मध्ये छापून आला. शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत साधारण १८ टक्के जास्त पाऊस, आणि त्या जादा पाण्याचा खर्च लिटरला सुमारे १८ पैसे.

आपण बाया हिशेब करणाऱ्या. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर अठराशे रुपये. फार महाग नाही वाटत. पण टँकरचं पाणी आपल्या हंड्यात येतं, हे पाणी रानावर, रस्त्यावर, खडकावर, जिथं पडेल तिथं पडतं. शेतकऱ्याच्या कपाशीला ऐन वेळी एक सर मिळाली तर तिची किंमत पैशांत होत नाही, हेही खरं. पण पाऊस शंभर मिलिमीटर होणार होता तिथं एकशे अठरा झाला, असा हा फायदा आहे. जिथं शून्य होतं तिथं शून्यावर अठरा टक्के म्हणजे शून्यच.

विमानाचं झालं. पण रोज, विमान नसतानाही, हवेत विरजण जातच असतं. ते कुठून येतं? मुख्य म्हणजे माती. वाळवंटाची आणि उघड्या रानांची धूळ वाऱ्यानं हजारो किलोमीटर जाते. आपल्या पावसाळी वाऱ्यांबरोबर अरबस्तानची धूळसुद्धा समुद्रावरून इकडं येते. या धुळीत काही खनिजं अशी असतात, की उणे पंधरा अंशांच्या आसपास ती बर्फ धरायला लावतात. कोळशाच्या राखेचे कणही हे काम करू शकतात असं प्रयोगशाळांत दिसलंय. आपल्याला दीपनगरच्या चिमण्या रोज दिसतात, म्हणून हे वाचताना आमचं लक्ष तिथं गेलं.

आणि सगळ्यांत नवलाचं विरजण जिवंत असतं. झाडांच्या पानांवर एक जीवाणू राहतो, स्युडोमोनास सिरिंजी त्याचं नाव, तो उणे दोन-तीन अंशांनाच पाणी गोठवायला लावतो. चांदीपेक्षाही वरचढ! १९७० च्या दशकात हे कळलं. त्याच काळात रसेल श्नेल हे संशोधक कुजलेल्या पानांच्या भुकटीवर काम करत होते. केनियात केरिचो भागात चहाचे मळे आहेत, तिथं वर्षातले शंभराहून जास्त दिवस गारा पडतात. श्नेल यांनी अंदाज मांडला, की पानं खुडणाऱ्या मजुरांच्या पायांनी झाडांखालचा कुजका पाला उडतो, त्याची धूळ वर ढगात जाते आणि गारांना बीज मिळतं. दिवसभर पानं खुडणाऱ्या माणसांच्या पायाची धूळ गार होऊन त्यांच्याच डोक्यावर पडते, असं हे म्हणणं. खरं-खोटं ठरायला पुढं पुष्कळ मोजमाप लागलं असेल. पण केळीच्या बागेत वाळलेली पानं कापताना उडणारी धूळ आमच्या डोळ्यांपुढं आली.

गारा म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कोण विसरेल? राज्याच्या ३५ पैकी २८ जिल्ह्यांना झोडपलं, आपला खानदेशही त्यात. काढणीला आलेला गहू, हरभरा आडवा, केळीची पानं फाटून चिंध्या. गार होते ती अशी. ढगात खालून वर जाणारा वारा जोराचा असतो, बर्फाचा कण पडू बघतो तर वारा त्याला धरून ठेवतो, वर फेकतो. शून्याखालचं पाणी त्याच्या अंगाला लागतं आणि लागताच गोठतं. कांद्यासारखे पापुद्रे चढत जातात. वाऱ्याला पेलवेनासा झाला की खाली. काही देशांत ढगात जास्तीचं विरजण सोडून पुष्कळ लहान गारा करायचा प्रयत्न होतो, म्हणजे एक मोठी गार होऊ नये. पाणी तेवढंच, वाटेकरी जास्त. ते कितपत साधतं यावर जाणकारांचं अजून एकमत नाही.

हाच वाटेकऱ्यांचा हिशेब धुराला लागतो. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या, कचरा जाळला, गाड्यांचा, चुलींचा धूर गेला, की हवेत बारीक कण भरमसाट होतात. ढगातलं पाणी एका भाकरीसारखं. चौघांत वाटली तर पोट भरतं, चाळिसांत वाटली तर कुणाचंच भरत नाही. थेंब जास्त, पण सगळे बारीक, आणि पाऊस सुरू व्हायला उशीर. संस्थेच्या विमानांनी हेच पाहिलं, की मळलेल्या हवेतल्या ढगांना पाऊस धरायला जास्त उंच चढावं लागतं. उंच चढले तर मग तिथं बर्फाची वाट सुरू होते आणि कधी कधी जोरात कोसळतं.

याचा जगाच्या तापण्याशीही संबंध आहे, तो थोडक्यात सांगतो. पाण्याचे बारीक थेंब असलेला ढग पांढराशुभ्र असतो, ऊन परतवून लावतो, सावली दाट पडते. त्यात बर्फ धरला की थेंब आटतात, ढग विरळ होतो किंवा पडून जातो, आणि ऊन खाली येतं. म्हणजे हवेत कुठले कण किती आहेत, यावर पृथ्वीच्या डोक्यावरची सावली ठरते. पुढं किती तापेल याचे अंदाज बांधताना शास्त्रज्ञांना सर्वांत जास्त अडतं ते या ढगांपाशी. आणि कण बदलतायत, कारण माणूस रानं उघडी करतोय, जाळतोय, खोदतोय. जगभर विनाचिठ्ठीची फवारणी चालू आहे आणि न फवारलेली बाजू मोजायला शिल्लक नाही.

आता आमच्या गटाचं राहिलं. गेल्या पावसाळ्यात पुन्हा उघाड पडली, आणि पुन्हा भट्टीचा विषय निघाला. आम्ही म्हणालो, करू या, पण बारामतीसारखं. चिठ्ठी काढायची, चिठ्ठीत आलं त्याच दिवशी पेटवायचं, आणि चार ठिकाणी सरळ काठाचे डबे ठेवून पट्टीनं पाऊस मोजायचा. टायर मात्र नाही, लेकरांचा खोकला आठवतो. आजींनी विचारलं, किती दिवस? आम्ही सांगितलं, त्यांना अकरा पावसाळे लागले. "तवलोक मी काय रायते!" आजी म्हणाल्या, आणि विषय हसण्यावारी गेला. मीठ आणलं नाही. दुबार पेरणीच्या कर्जाला या वेळी पाच अर्ज होते, चौघींना दिलं, पाचवीला पुढच्या महिन्यात.

डबे मात्र ठेवलेत. शाळेजवळ एक, माळावर एक, एक आमच्या दारात आणि एक आजींच्या अंगणात. बचतीच्या वहीत मागच्या पानावर तारीख घालून मिलिमीटर लिहितो. पहिल्याच मोठ्या पावसाला शाळेजवळचा आणि माळावरचा आकडा बराच वेगळा आला, गाव एकच असून. आजींचा डबा त्या दिवशी शेळीनं लवंडला, म्हणून तिथं रेघ मारलीय.